सिरियलमधल्या पोराचा नवस

"घरी जाय ना रे पोट्ट्या! माय वाट पाहून राहिली ना तिकडं!"

हे ओरडणं टीव्हीला असायचं. संध्याकाळी सिरियल लागली की आमच्या समोरच्या काकू पलंगावर पुढे सरकून बसायच्या, पदर कमरेला खोचायच्या आणि काचेवर बोट आपटून आपटून त्यातल्या पोराला घरी हाकलायच्या. आवाज असा, की त्या अमरावतीत ओरडल्या की तिकडे बडनेऱ्याच्या फलाटावर घर सोडून निघालेला एखादा पोरगा मुकाट्यानं परतीच्या ऑटोत बसत असेल. खोटं वाटत असेल तर बडनेऱ्याला जाऊन विचारा. मी वाढवून कधी सांगत नाही.

टीव्ही तोवर घरोघरी आले होते. तरी आम्ही गल्लीतल्या बायका काकूंकडेच जमायचो. आपल्या घरी नुसती सिरियल दिसायची, काकूंकडे सिरियल आणि काकू. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेलच, आठवून पाहा.

काकूंचा स्वयंपाक जाहिरातींत व्हायचा. पहिल्या ब्रेकात कांदा, दुसऱ्यात फोडणी, तिसऱ्यात पिठलं. ज्या दिवशी जाहिराती कमी लागायच्या त्या दिवशी पिठलं कच्चं. काका चकार शब्द न काढता खायचे. सिरियल सुरू झाली की ते उठून अंगणात जायचे. पण खुर्ची टाकायचे ती खिडकीला लागूनच.

सिरियलची गोष्ट साधी होती. पोरगा बापाशी भांडून घर सोडतो, माय रोज दारात दिवा ठेवते. बाकी सासवा, कारस्थानं, भरजरी साड्या चालूच असायच्या. पण काकूंना त्यातलं काही दिसायचं नाही. "त्या भवान्या जाऊ दे वं चुलीत," त्या म्हणायच्या. "पोट्टा कुठी हाय ते दाखवा म्हना."

काकूंचा एकुलता एक मुलगाही असाच गेला होता. काकांशी वाजलं आणि भरल्या ताटावरून उठला. कोणी म्हणे सुरतेत पाहिला, कोणी म्हणे इंदूरला. पत्र नाही, फोन नाही. काकू त्याचं नाव घ्यायच्या नाहीत आणि आम्हीही घेत नव्हतो. सगळं बोलणं त्या सिरियलमधल्या पोराबद्दल. "थंडीचं स्वेटर नेलं का नाई त्यानं, कोन जाने," असं काकू म्हणाल्या की आम्ही सगळ्या काचेकडे बघायचो.

एकदा सिरियलमधला पोरगा रेल्वे स्टेशनावर येऊन उभा राहिला. समोर त्याच्या गावाची गाडी. चढतो की नाही, चढतो की नाही, आणि तिथेच त्या दिवशीचा भाग संपला. काकू उठल्या, देवघरापुढे हात जोडले आणि आमच्यासमोर बोलल्या, "हा पोट्टा घरी आला ना, का अंबादेवीची ओटी भरीन. तोवर संत्र्याची फोड तोंडात घालनार नाई."

आता काकूंचं माहेर मोर्शीकडचं. भावाचा संत्र्याचा बगीचा. दर हिवाळ्यात हा भाऊ, म्हणजे गल्लीचे मामा, पेटी घेऊन यायचे आणि अर्धी पेटी काकू एकट्या संपवायच्या. सालांचा ढीग एवढा व्हायचा, की पलीकडे बसलेले काका दिसायचे नाहीत. अशा बाईनं संत्रं सोडलं.

माझी जाऊ जरा फटकळ. ती म्हणाली, "काकू, सिरियलच्या पोरासाठी नवस बोलता, मंग आपल्या पोरासाठी कावून नाई बोलत?"

काकूंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "देवीले का तेवढंबी समजत नाई?" एवढंच म्हणाल्या. खिडकीबाहेर काकांची खुर्ची करकरली.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली काकूंकडे लोटली. आणि सिरियलच्या वेळेला लागली लहान पोरांची नाचायची स्पर्धा. सिरियल बंद! कोणाला काही सांगणं नाही, शेवट नाही. काकू आठवडाभर रोज ती पोरं नाचताना बघत बसल्या. "इतके पोट्टे नाचून झाले का येईन तो," म्हणायच्या. पोट्टे नाचून झाले, मग मोठे नाचले, मग बायका स्वयंपाक करायला आल्या. तो स्टेशनावरच राहिला.

बंद पडलेल्या सिरियलचा नवस फेडायचा कसा? आम्ही गुरुजींना गाठलं. ते डोकं खाजवून म्हणाले, "शास्त्रात काही सापडत नाही. पण काय हो, तो गाडीत चढला की नाही शेवटी?" तेही बघत होते!

मग मीच पुढे झाले. थापा मारण्यात माझा हात धरणारा वऱ्हाडात तरी कोणी नव्हता. अकोल्याला बहिणीकडे दोन दिवस राहून आले आणि एसटीतून उतरले ती थेट काकूंकडे.

"काकू, अकोल्याच्या केबलवर लागला शेवटचा भाग! आला पोट्टा घरी!"

काकू गहू निवडत होत्या. हात थांबले. "कसा आला?"

मी सुरू केलं. गाडी सुटता सुटता त्यानं उडी मारली. घराच्या दारात आला तर दिव्यातलं तेल संपत आलेलं. बाप धावत बाहेर, एका पायात चप्पल. माझं मलाच रडू यायला लागलं. काका अंगणातून दारापर्यंत आले होते.

"अन् माय काय म्हनली त्याले?"

"माय? माय म्हणाली, 'ये माझ्या राजा, कुठं होतास इतके दिवस?' अन् ओवाळलं त्याला."

काकू पुन्हा गहू निवडायला लागल्या. "तू पाह्यलंच नाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "माय काई बोललीच नसती. तिनं पयले ताट वाढलं असतं." मग मला म्हणाल्या, "बस, चाय ठेवते. अकोल्याहून उन्हाची आली तू."

काका दारातून मागे फिरले. पुढे लवकरच ते वारले. तेव्हाही मुलगा आला नाही.

हिवाळे येत राहिले, मामांची पेटी येत राहिली. काकू ती उघडायच्या, वास घ्यायच्या आणि गल्लीत वाटून टाकायच्या. अलीकडे माझ्या नातीनं फोनवर ती सिरियल शोधून काढली. काकू आणि मी, दोघी म्हाताऱ्या चष्मे पुसून बसलो. भाग तिथेच संपला, स्टेशनावर. त्याखाली कुठल्याकुठल्या लोकांनी विचारलं होतं, पुढे काय झालं? नातीनं वाचून दाखवलं. काकू ऐकत होत्या. "एवढे जन वाट पाहून राहिले त्याची," त्या म्हणाल्या, "अन् त्याले पत्ताच नाई."

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी काकू गेल्या. अग्नी भावानं दिला.

समोरच्या घराला आता कुलूप आहे. संध्याकाळी माझ्या घरातला टीव्ही चालू असतो, भिंतीएवढा आहे, पण त्याच्याशी कोणी भांडत नाही. पडद्यावरची माणसं आपली मनाला येईल तसं वागतात.

या हिवाळ्यात फळबाजारात मामा भेटले. पार वाकलेत. संत्र्याच्या पेट्यांशेजारी उभे होते. व्यापाऱ्यानं एक संत्रं सोललं, अर्धं आपल्या तोंडात टाकलं आणि अर्धं मामांच्या हातात दिलं. "आंबट हाय, भाऊ. तुमीच चाखून सांगा आता."

मामांनी ते अर्धं संत्रं माझ्यापुढे धरलं. "ताई, तुमी सांगा. गोड हाय का?"

"अहो, बगीचा तुमचा. तुम्हीच चाखा ना, मामा."

"मले चालत नाई." ते पेटीवरचा पाला सारखा करत राहिले. "बाईचा नवस राह्यला होता ना. कोनी तं धरा लागते."

मी फोड तोंडात टाकली. अशी आंबट, की कानाच्या पाळ्यांपर्यंत झिणझिण्या गेल्या.

"साखर आहे, मामा," मी म्हणाले.

मामांनी मला निरखून पाहिलं. "बाई सांगे," ते म्हणाले, "का तुमी खोटं लय बेस बोलता." आणि त्यांनी दुसरी फोड माझ्या तळहातावर ठेवली.