गॅरेजातली वाफ आणि एक नोंद

ती वाफ अजून डोळ्यांसमोर तरळते. न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठाच्या गावातली रविवारची सकाळ, उघडं गॅरेज, आत तिरपं ऊन आणि त्या उन्हातून सावकाश वर चढणारी पांढरी वाफ. मी दारात उभी, हात पिस्तुलाशी. सात वर्षं पोलिसात काढून मी चौतिसाव्या वर्षीच वर्दी उतरवली. आता परदेशी विद्यार्थ्यांच्या हक्कांची पत्रकं वाटते. नोकरी का सोडली असं कुणी विचारलं की आधी ती वाफ आठवते.

खबर शेजाऱ्याने दिली होती. "इंडियन पोरगा ड्रमला पाइप जोडतोय, खाली जाळ आहे." फोन घेणाऱ्याने नोंद केली: संशयित प्रयोगशाळा, बहुधा स्फोटकांची. कुणी पाहिली होती प्रयोगशाळा? कुणीही नाही. पोरगा गोरा असता तर ही नोंद झाली असती का? नसती. मी हे आत बसून पाहिलंय.

गॅरेजात सव्वीस वर्षांचा, पुण्याहून पीएचडीला आलेला विद्यार्थी होता. पुढ्यात पिकनिकला बर्फ न्यायचा मोठा कूलर, त्याची मूळ तोटी काढून पितळी कॉक बसवलेला. शेगडीवर भलंथोरलं पातेलं. भिंतीला टेकवलेलं तांब्याच्या नळीचं वेटोळं. आणि आतल्या दारात घरमालकीण काकू, हातात झारा.

"हे काय आहे?" माझ्या सार्जंटने इंग्रजीत विचारलं.

पोराने काकूंकडे पाहिलं. "केमिस्ट्री एक्स्परिमेंट, सर."

मला कपाळावर हात मारावासा वाटला. सार्जंट म्हणाला, "घातक रसायनांचं पथक बोलावतो." पथक आलं की रिपोर्ट विद्यापीठात जाणार, आणि मग पोराचा व्हिसा टांगणीला. मी दहा मिनिटं मागून घेतली.

तेवढ्यात वास आला. गोडसर, ओला, भाजक्या धान्याचा. क्षणभर मी कुठे आहे तेच विसरले. आई सातूचं पीठ करायला सातू भाजायची तेव्हा घरभर असंच वाटायचं.

"यात सातू आहेत का रे?"

"ताई, तुम्ही मराठी?"

"आधी उत्तर दे."

"मोड आणून वाळवलेले सातू. भरडून या कूलरात गरम पाण्यात तासभर ठेवायचे, सदुसष्ट अंशांवर. त्यातल्या पिठाची साखर होते. कॉकमधून ते गोड पाणी काढायचं, उकळायचं, मग या वेटोळ्यातून गार पाणी सोडून थंड करायचं."

"आणि मग?"

तो कुजबुजला, "प्लीज ताई, काकूंसमोर नको. त्या माझ्या आईशी रोज फोनवर बोलतात यार."

"तुझा व्हिसा जाईल, गाढवा! तेव्हा आईला काय सांगशील?"

"बिअर," तो म्हणाला.

काकू कडाडल्या. "मेल्या, बिअर म्हणायला लाज वाटते, आणि बाँबवाला म्हणवून घ्यायला नाही? आणि ही नळी एवढी गोल वळवलीस कशाभोवती?"

"तुमच्या मोदकपात्राभोवती."

"तरीच त्याला पोचा पडलाय!"

सार्जंटला मी सगळं समजावलं. घरी पिण्यापुरती बिअर करायला कायद्याची आडकाठी नाही. तरी त्याला पुरावा हवा होता. "अजून अठरा मिनिटं आहेत," पोरगा अजिजीने म्हणाला, "आत्ता झाकण उघडलं तर उष्णता जाईल." आणि आम्ही खरंच थांबलो. सार्जंट उलट्या बादलीवर, काकू पायरीवर. ऊन फरशीवरून सरकत होतं, कूलरच्या पोटात धान्य गोड होत होतं. वर्दीतली माझी सगळ्यात शांत अठरा मिनिटं ती. मग कॉक फिरवला. मधाच्या रंगाची धार आली. सार्जंटने बोट लावून चाखलं आणि रेडिओवर सांगितलं, "पथक नको."

रिपोर्टात मी लिहिलं: घरगुती बिअर, गुन्हा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पोरगा बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेला आणि तिथेच अडकला. नव्या व्हिसासाठी वकिलातीत पोलीस चौकशीबद्दल विचारलं, त्याने खरं सांगितलं, आणि 'संशयित प्रयोगशाळा' ही नोंद सापडल्यामुळे तपासणीत वर्ष गेलं. त्याचा प्रोजेक्ट दुसऱ्याला मिळाला.

लाजेचा चेहरा गुन्ह्यासारखाच दिसतो, हे त्या केसने मला शिकवलं. म्हणून पोरांना सांगते, पोलिसांशी खोटं बोलू नका, समोर कुणीही असो. पण सगळा दोष पोरांवर टाकून मोकळं होणाऱ्यांतली मी नाही. मी साहेबांकडे गेले, ती पहिली नोंद खोडा म्हटलं. ते म्हणाले, "खोडता येत नाही. फोन आला होता हे खरं आहे ना?"

खरं आहे. मी बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवला.