गाठ मारलेली पिशवी

माझ्या वहिनीची पिशवी दुसऱ्या कोणी भरायची नाही, हा आमच्या घरातला नियम आहे. दादाला तो लग्नानंतर लगेचच कळला. दोघं कुठेतरी फिरायला जायची होती, म्हणून त्याने मोठ्या हौसेने तिच्या कपड्यांच्या घड्या घातल्या, पिशवी भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. वहिनीने ती उचलून पलंगावर उलटी केली. "मला कुठे पाठवायचं असेल तर तोंडाने सांगा," म्हणाली. दादा बिचारा आ वासून बघत राहिला. तेव्हापासून आमच्याकडच्या पिशव्या पलंगाखाली असतात, दाराशी नाही. बाळंतपणाला जायच्या वेळी कळा येत होत्या, तरी ही बाई स्वतः लंगोटांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "वहिनी, पोर त्या पिशवीतच होईल आता." माझ्या तोंडाला तसं काही औषध नाही. पण ती हसली आणि घड्या घालत राहिली.

या नियमाचं कारण तिने मला एकदाच सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. तिचे वडील गेले तेव्हा आईच्या पदरात दोन मुली, ही आणि धाकटी. आईला दोघींचं झेपेना. एका सकाळी आईने हिची पिशवी भरली, वर घट्ट गाठ मारली, हिला मामाच्या दाराच्या पायरीवर बसवलं आणि "संध्याकाळी येते" म्हणून निघाली. धाकटी आईच्या कडेवर होती. ही पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याच्या वळणाकडे बघत बसली. अंधार पडल्यावर मामी दार लावायला आली आणि म्हणाली, "अजून इथेच बसलीस?" पुढची सगळी वर्षं ही मामाकडेच वाढली. आई अधूनमधून येऊन जायची, पण न्यायला कधीच आली नाही.

एवढं सांगून तिने शेंगा बाजूला केल्या. "धाकटीला नेलं," ती म्हणाली. आई सोडून गेली, असं ती म्हणत नाही. धाकटीला नेलं, असंच म्हणते. धाकटी अजूनही कधीतरी येते. गेल्या खेपेला आईच्या हातचं विणलेलं स्वेटर घालून आली होती. वहिनीने तिला गरम गरम वाढलं, आग्रह केला, आणि ती गेल्यावर एक पातेलं इतका वेळ घासलं की मला त्याच्या बुडाची काळजी वाटायला लागली.

आम्ही दोघी एकाच शिंप्याकडे कामाला. मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांब खोली, रस्त्याच्या बाजूला एकच खिडकी आणि मागच्या भिंतीला कापायचं टेबल. मी काज करते, बटणं लावते. वहिनी कोट शिवते, खिडकीजवळच्या मशीनवर. ती डावखुरी आहे. तिची छोटी कात्रीसुद्धा डाव्या हाताची, दुसऱ्या कोणाच्या हातात ती कापडाला नुसते चावे घेते. त्या खिडकीतल्या जागेवर तिचा जीव. आणि त्याहून जास्त जीव मास्तरांच्या मोठ्या कात्रीवर. मास्तरांचा हात आता थरथरायला लागला होता. कापडाची कापणी आपल्यानंतर कोणाकडे द्यायची, हे ते कधी बोलले नव्हते, पण आम्ही सगळे त्याचीच वाट बघत होतो. वहिनी तर श्वास रोखूनच.

अशात ती नवी मुलगी आली. दिसायला नीटस, बोलायला गोड, आणि हात असा हलका की कॉलर वळवली तर इस्त्रीची गरज पडू नये. मास्तर एकदा म्हणाले, "बघा, हात बघा पोरीचा." झालं. वहिनीने तिचं नाव राणीसाहेब ठेवलं. राणीसाहेब आज उशिरा उगवल्या. राणीसाहेबांना आरशासमोरचा उजेड लागतो. घरी जाताना रस्ताभर मला तेच ऐकावं लागायचं. मुलीने चहा आणून दिला तर वहिनी म्हणायची, "मला गोड लागत नाही." घरी तीन चमचे साखर घेते ही बाई. मुलीची शिवण नजर चुकवून उलटी करून बघायची आणि टाका सरळ निघाला की तिचा चेहरा उतरायचा.

"जळतेस तू," मी एकदा स्पष्टच म्हटलं.

"जळते," ती म्हणाली. "नवं कोणी आलं की जुन्याला उठवतात. मला माहीत आहे."

त्या सोमवारी आम्ही दुकानात पोहोचलो तर खोलीचा चेहराच बदललेला. कापायचं टेबल मागच्या भिंतीपासून खिडकीशी आणलेलं. वहिनीचं मशीन उचलून मागे, भिंतीकडे तोंड करून. टेबलापाशी नवी मुलगी उभी, फडक्याने एक मोठी कात्री पुसत होती. आणि दाराच्या आतच एका स्टुलावर कापडी पिशवी होती. वहिनीचं अंगुस्तान, बॉबिनचा डबा, टेप, पाठीची उशी, छोटी कात्री, सगळं तिच्यात व्यवस्थित भरलेलं आणि वर घट्ट गाठ.

मला वाटलं आता हिचा आवाज शेजारच्या गल्लीत जाणार. पण तिने पिशवी उचलली, वळली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन बसली.

मास्तर आतून म्हणाले, "हे काय? आत बोलवा तिला, मला एक सांगायचंय." ते गालातल्या गालात हसत होते, आणि मला त्यांचा इतका राग आला की हातातला डबा मी स्टुलावर आपटला. मी बाहेर गेले, म्हटलं, "वहिनी, उठ. तमाशा नको. काय असेल ते आत येऊन भांड, मी आहे तुझ्या बाजूने." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुडघे जुळवलेले, पिशवी मांडीवर, दोन्ही हात गाठीवर, आणि नजर रस्त्याच्या वळणाकडे. दोन मुलांची आई, घरात सगळ्यांना धाकात ठेवणारी, आणि बसली होती ती सहा-सात वर्षांच्या पोरीसारखी. तेव्हा मला कळलं. ती रागावलेली नव्हतीच. कोणीतरी न्यायला येईल म्हणून बसली होती.

मी आत जाऊन मास्तरांना हे सांगणार, तोवर त्यांचा धीर सुटला. खूश करायला निघालेल्या माणसाचा बेत फसला की तो चिडतोच. दारात येऊन ते म्हणाले, "अजून इथेच बसलीस?"

त्यांना काय ठाऊक. पण वहिनी उठली. पायांत चपला अडकवल्या आणि पिशवी छातीशी धरून चालायला लागली. ती एकदा त्या वळणावरून गेली की परत येणार नाही, हे मला दिसत होतं. कापणी गेली, दुकान गेलं, आणि आयुष्यभर ती म्हणत राहिली असती की पोरीला ठेवलं, मला काढलं. मी धावले. माझ्यापुढे धावली ती नवी मुलगी, हातात ती मोठी कात्री तशीच.

"ताई," तिने वहिनीला गाठलं आणि धापा टाकत म्हणाली, "ही उजव्या अंगाला टांगायची की डाव्या? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, जिची आहे तिला विचार. माझ्या हाताने तर कागदपण कापत नाही."

वहिनी थांबली. कात्रीकडे बघत राहिली. मग हळूच डावा हात पुढे करून तिने ती घेतली, अंगठा घातला, उघडमीट केली. कात्री तिच्या बोटांत नीट बसली. डाव्या हाताची होती, कोरी.

"टेबल का हलवलं?" तिने विचारलं.

"तुम्हाला उजेड उजवीकडून हवा ना. नाहीतर तुमच्याच हाताची सावली खुणेवर पडेल, असं मास्तर म्हणाले. म्हणून मशीन मागे न्यावं लागलं."

"आणि पिशवी?"

"मी भरली. मशीन उचलताना सामान सांडलं असतं." मुलगी जरा घाबरली. "गाठ सैल होती का?"

वहिनी भर रस्त्यात खाली बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, नखांना दाद देईना. मी हात पुढे केला तर तिने झटकला. शेवटी तिने नवी कात्री घेतली आणि गाठच कापून टाकली. मास्तरांनी मुहूर्ताच्या चांगल्या कापडासाठी आणलेली कात्री, आणि तिने पहिल्यांदा कापली ती फाटकी पिशवी. मग ती रडली, अगदी मोठ्याने, लोक बघत होते तरी. मुलीला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं, म्हणून तीही रडायला लागली. मी वहिनीचं सांडलेलं सामान गोळा करत रस्त्यावर बॉबिनी शोधत होते.

आता वहिनी कापते आणि आम्ही शिवतो. दुकानात पिशव्या बंद झाल्या आहेत. टेबलामागच्या भिंतीवर तिने स्वतः खिळे ठोकलेत, प्रत्येकाला एक. संध्याकाळी ज्याचं त्याने आपलं सामान आपल्या खिळ्याला टांगायचं, दुसऱ्याच्याला हात लावायचा नाही. जळणं काही थांबलेलं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. परवाच मास्तर मुलीच्या कॉलरचं कौतुक करत होते, तर ही म्हणाली, "कापलं कोणी?"

पण त्या दिवशी खिळे ठोकताना मुलगी मागे उभी होती, हात बांधून. सगळ्यांचे खिळे झाले. वहिनीने हातोडी खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि भिंतीवर अजून एक ठोकला, आपल्या खिळ्याच्या शेजारी, बोटभर खाली.

"हा तुझा," ती म्हणाली. "हलवायचा नाही. आणि कोणी हलवायला आलं तर मला सांग."