पुष्पांजलीची झोप

पुण्यातल्या मेट्रोच्या जमिनीखालच्या एका स्टेशनात पुष्पांजली साफसफाई करते. थंडीत ती चार दिवस माहेरी, पिंपळगाव राजाला आली. शेजारची काकू लगेच भेटायला आली.

"मजा हाय बाप्पा तुही! सरकत्या जिन्यावर दिवसभर फिरत असशील."

"फिरत नाही, काकू. त्याच्या कठड्याचा रबरी पट्टा पुसा लागते. फडकं दाबून एका जागी उभं राहाचं, पट्टा आपोआप हाताखालून सरकते. हात हलत नाही, पण खांदा भरून येते."

आई, गीताबाई, तूर निवडत ऐकत होती. "वर पाऊस आला तं तुले समजते का वं?"

"लोकायच्या चपला ओल्या दिसल्या की समजते. मंग तेच डाग पुसा लागते."

"अन् ऊन?"

पुष्पांजलीला थोडा विचार करावा लागला. "सुट्टीच्या दिवशी दिसते. पण त्या दिवशी झोपच आवरत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गीताबाईने अंगणात वाळत घातलेली तूर गोळा केली आणि त्या उन्हात गोधडी अंथरली. पुष्पांजली आडवी झाली, ती दुपारपर्यंत उठलीच नाही. काकू पुन्हा गप्पांना आली, तेव्हा गीताबाईने तिला दारातच थांबवलं.

"झोपू दे वं तिले."

उरलेले दिवसही असेच गेले. निघताना खामगावच्या एसटीपाशी आईने विचारलं, "आता बरं वाटते?"

"खांदा दुखतेच," पुष्पांजली पिशवी उचलत म्हणाली, "पण झोप झाली, आई."