ण बाणातला

पडद्यावर माझी आई होती. भिंतीएवढी. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, आणि तोंडाजवळच्या फुग्यात तिचं वाक्य: 'पोरी, पानी आलं, ऊठ.'

मुलुंडच्या एका सोसायटीचा हॉल. चित्रकथा काढणारे आणि वाचणारे जमले होते. मीही माझी दाखवायला गेले होते, आडनाव न सांगता. समोर बोलणारे सर जाहिरातीच्या धंद्यात मुरलेले, नव्या मुलांना मार्गदर्शन करणारे. त्यांच्या हातातल्या लेझरचा लाल ठिपका आईच्या चेहऱ्यावरून सरकत त्या शब्दावर थांबला.

'पानी नाही गं, पाणी. ण बाणातला. म्हण बघू.'

माइक माझ्यापुढे आला. मी म्हटलं, 'पाणी.'

'अगं, तुझं तर शुद्ध आहे की. मग आईला का असं ठेवलंस? तुमच्यात असंच बोलतात का?'

लोक हसले. वाईट मनाने नाही हसले. तेच जास्त लागलं.

तुमच्यात. हा शब्द मला लहानपणापासून ओळखतो. तो आडनाव विचारत नाही. ते त्याला आधीच कळलेलं असतं.

दुसऱ्या रांगेत माझ्या अंधेरीच्या ऑफिसातल्या मॅडम बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एखाद्या नव्या माणसाकडे पाहावं तसं. ऑफिसात मला सगळे नुसत्या नावाने ओळखतात. मीच तसं ठेवलं होतं.

आई गेली तेव्हा लक्षात आलं, तिचा आवाज कुठेच नाही. फोनमध्ये एकही रेकॉर्डिंग नाही. काही दिवसांनी ती एखादं वाक्य कशी म्हणायची ते आठवेना. घाबरले. चित्रं काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून तिला काढायला बसले. घाटकोपरच्या डोंगरावरची आमची वस्ती, पायथ्याचा नळ, भरल्या हंड्यांनी चढणाऱ्या बाया. फुग्यांत तिची वाक्यं, जशी कानात उरली होती तशी. एक साधी वेबसाइट केली. नाव दिलं 'खालचा नळ'. स्वतःचं नाव दिलं नाही. शेवटी एक चौकट ठेवली: काय खटकलं ते सांगा.

लोकांनी सांगितलं. फोनवर अक्षरं बारीक दिसतात. चित्रं उघडायला फार वेळ लागतो. पहिला भाग सापडत नाही. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा एका वाचक बाईंनी लिहिलं, माझा फोन मला वाचून दाखवतो, पण चित्रातली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत, चित्राखाली बोलणं लिहाल का. मी सगळं केलं. फोन वाजला की आधी तो उलटा ठेवायचे, मग वाचून करत जायचे. साइट सुधारत होती. लोक आईला ऐकत होते.

मुलुंडनंतर त्या चौकटीत येणारे निरोप बदलले. 'ण बाणातला' असं लिहून पुढे हसरे चेहरे. एकाने विचारलं, आडनाव का लपवता? मी चौकट बंद केली. भावाला फोन करून विचारलं, नाव टाकू का. तो म्हणाला, नाव टाकू नकोस, माझी पोरगी नव्या शाळेत आहे. मग तो हळू म्हणाला, 'ताई, आई गेली. आपल्याला राहायचंय इथं.'

त्याला मी भित्रा म्हणू शकले नाही. मीही त्याच भीतीत जगत होते.

सोमवारी सरांचा मेसेज आला. त्यांनी सगळे भाग स्वतः बसून दुरुस्त केले होते. आता हे सगळ्यांना चालेल, मी माझ्या पेजवर टाकतो, हजारोंनी वाचतील. सोबत फाइल. मी उघडली. 'बाळ, पाणी आलं आहे, ऊठ पाहू.'

त्याच दुपारी मॅडम टेबलाशी आल्या. 'तुझं पूर्ण नाव काय गं? कधी विचारलंच नाही बघ.' मी म्हटलं, आलेच हं, आणि जिन्यात जाऊन उभी राहिले.

तिथे फोन काढला. त्या वाचक बाईंचा फोन वाचतो तसं माझ्या फोनला वाचायला लावलं. आधी सरांची फाइल. एक चष्मा लावलेली, जेवण झालेली बाई बोलत होती. ती डोंगर कधी चढलेली नव्हती. मग माझं पान लावलं. 'पोरी, पानी आलं, ऊठ.' यंत्राचा आवाज, ना गोड ना प्रेमळ. पण लिहिलं होतं तसं वाचलं. अडखळलं नाही. हसलं नाही.

यंत्राला जे जमलं ते त्या हॉलमध्ये एकालाही जमलं नव्हतं. आणि त्या हॉलपुढे मी माझ्या आईबद्दल माफी मागणार होते?

सरांना लिहिलं: 'दुरुस्ती नको. ही चूक नाही, ही माझी आई आहे. तुमच्या पेजवर टाकू नका.' मग भावाला कळवलं, मी नाव टाकतेय, तुझं आणि पोरीचं कुठेही येणार नाही. त्याने वाचलं. मग साइटवर माझं नाव लिहिलं. आडनावासकट. चौकट पुन्हा उघडली.

परत जाऊन मॅडमना पूर्ण नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, 'अच्छा.' नुसतं अच्छा. त्याचा अर्थ हळूहळू कळेल. कामं कमी झाली की कळेल.

भीती गेलेली नाही. हे लिहितानाही फोन उलटा ठेवलाय. पण अक्षरं मोठी करा म्हणाल, करीन. पान लवकर उघडत नाही म्हणाल, नीट करून देईन. माझ्या आईच्या तोंडाला हात लावायचा नाही.