ज्वारीवर ताणलेली आमची पहिली कॅसेट

कॉलेजात असताना चिखलीत आम्ही चौघी मैत्रिणींनी रॉक बँड काढला. एक गिटार, एक पेटी, तेलाचा रिकामा डबा आणि माझा गळा. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून पहिली कॅसेट आमच्या कापसाच्या खोलीत बसून भरली. त्यात गाण्यांपेक्षा शिंकाच जास्त आल्या. शिंकणाऱ्या त्या तिघी, आणि दोष माझ्या गळ्याला! आठवडाभर मी एकीशीही बोलले नाही.

बाबांनी कॅसेट एकदाच ऐकली. दुसऱ्या दिवशी तिची फीत उपसून त्यांनी पाखरं हाकलायला ज्वारीवर ताणली. मी तणतणत वावरात गेले. वाऱ्यावर फीत भणभणत होती आणि एकही पाखरू फिरकत नव्हतं.

वावरात काम करणारी आई कौतुकानं म्हणाली, "पाह्य, आता कशी सुरात वाजून राह्यली!"