कापसाच्या खोलीतली यशोदा

नातीच्या बाळंतपणासाठी मी लेकीकडे जळगावला आले आहे. आले म्हणजे आणली गेले. या वयात माझा उपयोग काही नाही. खाटेवर बसून कोणाचं काय चुकतंय ते सांगायचं, एवढंच काम उरलंय, आणि ते मी मन लावून करते. नात पोराला पाजायला बसली की तिची मान जी खाली जाते ती पोराचं पोट भरेपर्यंत वर येत नाही. मग दिवसभर मानेवर हात ठेवून हिंडते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला खांदे फिरवायला सांगितलेत आणि हाताखाली उशी घ्यायला सांगितलंय. ती खांदे फिरवायला लागली की माझी लेक कौतुकानं बघते. परवा मला म्हणाली, "आई, तुझ्या वेळी कुठे होते गं असले व्यायाम?"

मी हसले, आणि हसताना माझीच मान लचकली. कारण हे विचारणारी जी बाई आहे, तिच्याच पायी माझी मान पहिल्यांदा धरली होती.

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेन. माहेर धुळ्याचं, चार इयत्ता शिकलेली, आणि आपण फार नाजूक मनाच्या आहोत अशी माझी खात्री होती. सासर पाचोऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातलं, काळ्या जमिनीचं, कापसाचं. माहेरी देवघराच्या भिंतीवर यशोदेचं एक चित्र होतं. मांडीवर कृष्ण, मान एका बाजूला कललेली, नजर बाळाच्या तोंडावर खिळलेली. लेक झाली तेव्हा मी ठरवलं की आपण हिला असंच पाजायचं. नजर हलवायची नाही. चित्रातल्या यशोदेला दळण नसतं, पाणी भरायचं नसतं, आणि चित्र काढून झालं की तिला उठून आळोखेपिळोखे देता येतात, हा विचार त्या शहाण्या मुलीच्या डोक्यात आला नाही.

दुसरं एक कारण होतं, आणि खरं कारण तेच. घरात माझी मोठी जाऊ होती, तिला मी अक्का म्हणायची. तिचा मुलगा नुकता रांगायला लागला होता आणि तिला दूध असं की पदर कायम ओला. त्या घरात कोणाचं पोर रडलं की जी बाई मोकळी असेल तिनं ते छातीला लावायचं, अशी रीतच होती. शेजारणीचं पोरही अक्का पाजायची, एकीकडे भाजी निवडता निवडता. मला ते बघून कसंसंच व्हायचं. माझी लेक माझीच. ती माझ्याच दुधावर वाढणार, तिला माझाच चेहरा आधी ओळखू येणार. आणि सासूबाई, ज्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, त्या तर येता-जाता म्हणायच्या की धाकटी दमलेली दिसते, पोर थोरलीकडे देऊन टाक आणि तू शेतात चल. कापूस वेचणीचे दिवस होते. हात कमी पडत होते.

म्हणून मी दमलेली दिसायचंच नाही असं ठरवलं.

पहाटे दळण. मग विहिरीवरून पाणी, डोक्यावर घागर, काखेत कळशी. मग भाकरी थापायच्या, चुलीपुढे वाकून. मध्ये मध्ये पोरीला घ्यायचं, आणि घेतलं की यशोदा व्हायचं. जमिनीवर मांडी घालून, पाठ वाकवून, मान डावीकडे टाकून. पोरगी अशी सावकाश प्यायची की जणू तिला कोणी वाट बघतंय हे माहीतच नाही. आधी मानेच्या मुळाशी नुसतं जड वाटायचं. मग खांद्यापर्यंत ओढ यायला लागली. मग एका सकाळी उठले तर मान वर होईना. खाली पाहत होते ती खालीच पाहत राहिले. उजवीकडे वळवली की डोळ्यांपुढे चांदण्या.

कोणाला सांगू? सांगितलं की पोर अक्काकडे जाणार. मी पदर जरा पुढे ओढला आणि कामाला लागले.

आणि इथून गंमत सुरू होते. सासऱ्यांच्या समोर मी मान खाली. दिरांच्या समोर खाली. पाव्हणे आले, मान खाली. विहिरीवर चार बाया हसतायत, कोणाची तरी चेष्टा चाललीये, मी आपली मान खाली घालून घागर बुडवतेय. आठवड्याभरात गावात बोलबाला झाला की अमक्यांच्या घरची धाकटी सून म्हणजे सून, डोळा वर करत नाही. आत्याबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं. आल्या-गेल्याला माझ्याकडे बोट दाखवून आपल्या अहिराणीत सांगायच्या, "दखा व, मनी धाकली. धुळ्यानी शे, पन वर दखत नही." नशिराबादची त्यांची एक मावसबहीण तर खास मला बघायला आली, आणि माझ्या वाकलेल्या मानेकडे समाधानानं बघत दोन भाकऱ्या जास्त जेवली.

मला काय वाटलं म्हणता? मला फार आवडलं. एवढी कळ येत होती, डोळ्यांत पाणी होतं, आणि आत कुठेतरी ती बावळट मुलगी खुशीत होती. माहेरी कोणी इतकं कौतुक केलं नव्हतं. मान दुखत होती ती माझी, आणि वाहवा होत होती ती मर्यादेची. मी दोन्ही घेत राहिले.

बोलणी खायची ती अक्का. अक्का मोठ्यानं हसायची, मान वर करून चालायची, सासऱ्यांना उत्तर द्यायची. तिला रोज माझा दाखला मिळायला लागला. बघ जरा धाकटीकडून, शीक जरा काही. अक्का माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं जळतेय.

पुढे पुढे मी पोरीला एकाच बाजूला पाजायला लागले, कारण दुसऱ्या बाजूला मान वळतच नव्हती. उजवीकडे दूध साठून दगड झाला. अंगात कणकण आली. पोरीचं पोट भरेना, ती किरकिर करायला लागली, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची ते आता प्रेमानं नाही, भीतीनं. हिचं भागत नाहीये हे मला कळत होतं. आता आत्याबाईंना कळलं की झालंच.

मान धरल्यापासून घागर मी काखेतच न्यायची; एके दिवशी विहिरीवर ती डोक्यावर घ्यायला गेले आणि मानेत अशी कळ आली की घागर ठेवून तिथल्याच दगडावर बसले. बाकीच्या बाया पुढे गेल्या होत्या. अक्का मागे राहिली. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पदराखाली डोकं घालून माझं तोंड बघितलं, विहिरीत वाकून बघावं तसं.

"तुनी मान दुखस ना?" तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले. मानेनं नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून तोंडानं म्हणाले.

"व माय," अक्का म्हणाली. "बठ्ठा गाव तुनं नाव लेस, नि बोलणी मी खास. अन् हाई तं दुखणं शे."

ज्या मानेपायी सगळं गाव माझं नाव घेत होतं ती नुसती दुखत होती, म्हणून ती हसायला लागली. इतकं हसली की तिला खाली बसावं लागलं. मला रडू फुटलं. रडता रडता मी सगळं सांगून टाकलं, मान, दूध, कणकण, आणि हेही की पोर मी तुझ्याकडे देणार नाही. हे शेवटचं सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं.

अक्काचं हसू थांबलं. तिला लागलं असावं. म्हणाली, "मी काय तुनी पोर खाई जासू?"

मग तिनं माझी घागर स्वतःच्या डोक्यावर आणि आपली कळशी काखेत घेतली, आणि चालता चालता मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. तिच्या पहिल्या खेपेला तिचीही मान अशीच गेली होती. तेव्हा तिच्या आईनं बरी केली. आता दोनच गोष्टी होत्या. एक तर मी अशीच बसायची, दूध आटेल, आणि पोर कायमची तिच्याकडे येईल. नाही तर थोडे दिवस तिच्याकडे द्यायची, मान मोकळी करायची, आणि परत घ्यायची. तिला पोर नको होती. तिचं तिला एक पुरे होतं, रात्री चावणारं. तिला फक्त माझी मान वर हवी होती, म्हणजे घरात तिला जगता आलं असतं.

मी कबूल झाले. कबूल होण्यात मोठेपणा काही नव्हता; मी थकले होते. इतकी थकले होते की तिनं पोर विहिरीत टाकू म्हटलं असतं तरी आधी थोडं निजू दे म्हणाले असते.

घरी येऊन अक्कानं पोरीला छातीला लावलं. मी दारात उभी. माझी समजूत अशी की पोरगी तोंड फिरवील, आकांत करील, आईचा वास ओळखील. पोरगी घटाघटा प्यायली. ढेकर दिली. झोपली. झोपेत हसलीसुद्धा. मी खालमानेनं उभी राहून ते सगळं बघितलं, आणि माझ्या यशोदेचं काय झालं ते मी सांगत बसत नाही.

आमच्याकडे आतली एक खोली कापसाची होती. वेचलेला कापूस विकेपर्यंत तिथे आढ्याला लागेल इतका रचलेला असायचा. घरात एवढा कापूस, आणि एका बाईच्या कोपराखाली उशी नाही, हे मला तोवर सुचलं नव्हतं. अक्कानं मला त्या ढिगात बसवलं. बसवलं म्हणजे रुतवलं. पाठीला कापूस, दोन्ही कोपरांखाली कापूस. खडेमीठ तव्यावर गरम करून फडक्यात बांधलं आणि मानेच्या मुळाशी धरलं. मग तिनं माझ्या डोक्यामागे तळहात ठेवला आणि म्हणाली, डोकं माझ्या हातावर दाब, मी ढकलते, तू हरू नकोस. रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही अशी कुस्ती खेळायचो. खांदे कानापर्यंत उचलून एकदम सोडायला लावायची. उजवी बाजू गरम पाण्याच्या फडक्यानं शेकून दूध पिळून काढायची, आणि मी ओरडले की तोंडात पदराचा बोळा कोंबायची, बाहेर आत्याबाई होत्या म्हणून. आत्याबाईंना तिनं सांगून टाकलं होतं की धाकटीला ताप आहे. तेवढं खोटंही नव्हतं.

मान हळूहळू सैल झाली. मग एका दुपारी तिनं पोरीला आणून माझ्या मांडीवर नाही, कापसाच्या उंचवट्यावर ठेवलं, थेट छातीच्या पातळीला. आता पोरीकडे वाकायचं नाही, पोरीला वर आणायचं, म्हणाली. मी घाबरले होते. इतके दिवस दुसरीकडे पिऊन आता ही मला घेईल का? मी सवयीनं वाकून तिच्या तोंडाकडे बघायला गेले, तर अक्कानं हनुवटीखाली बोट घालून माझं तोंड वर केलं.

"वर दख," म्हणाली. "तिले पिता येस. तुनी मदत नको."

मी वर बघितलं. आढ्याला बियाण्यासाठी टांगलेली ज्वारीची कणसं होती. त्यांच्याकडे बघत राहिले, आणि खाली पोरीनं तोंड लावलं. आधी डावीकडे, मग अक्कानं फिरवून दिल्यावर उजवीकडे. तिला काही फरक पडला नव्हता. तिला दूध हवं होतं. मी मात्र कणसांकडे बघून रडत होते, आणि या खेपेला मान दुखत नव्हती.

मी वर बघायला लागले त्या दिवशी आत्याबाई ओट्यावर होत्या. मी समोरून आले तर त्यांनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "हाई कोन शे व?" मग ओळख पटली. बराच वेळ बघून म्हणाल्या की नाक बरं आहे. पण त्यांचा विरस झाला तो झालाच. नशिराबादच्या बहिणीला त्यांनी सांगितलं की थोरलीनं धाकटीला बिघडवलं. अक्काला हे कोणीतरी कानावर घातलं तेव्हा ती खूश होती. आता घरात दोन बिघडलेल्या होत्या, म्हणजे बोलणी निम्मी.

गाड्या येऊन कापूस गेला त्याच्या आदल्या दिवशी अक्कानं ढिगातून दोन ओंजळी काढून जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधल्या आणि माझ्या कोपराखाली सरकवल्या. सरकी टोचायची. पण चालली, पोरगी मोठी होईपर्यंत चालली.

हे सगळं मी परवा लेकीला आणि नातीला सांगितलं. नातीला अक्काची कुस्ती आवडली. तिनं लगेच माझ्या तळहातावर डोकं दाबून बघितलं. माझ्या हातात आता जोर नाही, ती पहिल्याच डावात जिंकली. लेक मात्र म्हणाली, "म्हणजे मी पीत होते तेव्हा तू माझ्याकडे बघतच नव्हतीस?"

खरं तेच. तान्ही असतानाचं तिचं तोंड मला नीट आठवत नाही. ज्वारीची कणसं मात्र एकेक आठवतात, एकाला उंदरानं खाल्लेलं होतं तेही. तिला राग आला की वाईट वाटलं ते कळलं नाही, कारण ती बोलता बोलता नातवावर वाकली होती, अगदी चित्रातल्यासारखी, मान डावीकडे टाकून. तिचंही वय झालंय आता. उद्या तीही मानेवर हात ठेवून हिंडेल, आणि मला उठून मीठ गरम करावं लागेल.

"वर दख," मी तिला म्हणाले.