मोटारीतली कढी

माझ्या लग्नात सगळ्यात जास्त पाणी मोटार प्यायली.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तळोद्याजवळच्या आमच्या गावात काकांनी सुरतेहून एक जुनी मोटार आणली होती. ती चालवता येणारा गावात एकच माणूस, तो म्हणजे मी! (सुरतेच्या एका ड्रायव्हरपाशी आठ दिवस शिकलो होतो. त्यातले तीन दिवस ती नुसती पुसली.) तेवढ्या विद्येवर मी पारावर व्याख्यानं देऊ लागलो. "इंजिन तापतं. त्याची उष्णता पाणी घेतं. ते पाणी पुढच्या जाळीतल्या बारीक नळ्यांत येतं, जाळीला वारा लागला की थंड होतं, आणि पुन्हा इंजिनाकडे जातं." माझ्या काकूला तर हे पाठच झालं होतं, कारण तिला मी ते जेवतानाही ऐकवायचो.

माझं लग्न ठरलं खापर गावी, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड बैलगाड्यांतून पहाटेच गेलं. काका, काकू आणि मी मागून मोटारीनं जायचं ठरलं. नवरदेव स्वतः मोटार हाकत येतो, हे खापरकरांनी पाहायलाच हवं होतं! मला मुंडावळ्या, मग मोटारीनं काय पाप केलं? मी पोळ्याची मखमली झूल काढली, आरसे लावलेली, गोधडीएवढी जाड, आणि मोटारीच्या पुढच्या जाळीवर घट्ट बांधली. वर केळीची चार पानं. काय रूप आलं म्हणता!

वैशाखातली दुपार. गावाबाहेर आमचा गाडीवान वेस्ता भेटला. वऱ्हाडाच्या ताकाची मडकी घेऊन तो बैलगाडीनं चालला होता. भोंगा वाजवत, धूळ उडवत मी त्याच्या पुढे गेलो. कोसभर गेलो असेन नसेन, तोच पुढून फुस्स झालं आणि वाफेनं समोरचा रस्ताच दिसेना.

"दामू, काय व्हयनं?" काकांनी विचारलं.

"काही नाही! पाणी मागते आहे."

मी ऐटीत उतरलो, फेट्याच्या शेवानं झाकण धरलं आणि फिरवलं. (तापलेलं झाकण उघडू नये, हा धडा बहुधा नवव्या दिवशी होता.) उकळत्या पाण्याचा असा फवारा उडाला, की मी मागे पडलो म्हणून वाचलो. फेटा मात्र उडून बाभळीच्या काट्यांत अडकला, तो कायमचाच!

आम्ही प्यायचं पाणी ओतलं. दीड मैल चाललो, पुन्हा फुस्स! शेतातल्या विहिरीचं ओतलं. पुन्हा फुस्स! प्रत्येक वेळी वेस्ता मागून यायचा, आदरानं राम राम करायचा आणि पुढे जायचा. मग मी भोंगा वाजवत त्याला मागे टाकायचो. चौथ्यांदा मात्र तो थांबला.

"भाऊ," तो म्हणाला, "मन्हा बैल अजून एकदाव बी उकळनात नही."

सूर्य कलला होता. जवळ विहीर नव्हती. काका घाबरे झाले. "मुहूर्त टळी जाई! आते काय करानं?"

"थंड काहीही चालेल," मी तज्ज्ञासारखं म्हणालो. आणि माझी नजर मडक्यांवर गेली.

"ताक?" काकू किंचाळली.

"ताकात पाणीच असतं, काकू!"

ओतलं. मोटार दोन फर्लांग गेली, एक लांब ढेकर दिला आणि बंद पडली. चहूकडे कढीचा वास! पुढच्या नळ्यांत ताकाच्या गुठळ्या झाल्या असणार. काकू खाली उतरली, मोटारीपुढे उभी राहिली, आणि पदर नाकाला लावून मला म्हणाली, "दामू, तूच तं सांगस ना, जाळीले वारा लागना म्हनजे पानी थंड व्हस?"

"हो."

"मंग तिन्हा तोंडवर बैलनी झूल काय बांधी ठेयी?"

वेस्तानं तोंड फिरवलं. काकांनीही. त्यांचे खांदे हलत होते.

शेवटी वेस्तानं मोटार बैलगाडीला बांधली. खापरला वेशीवर वाजंत्री थांबले होते. पुढे बैल, मागे कढी झालेली मोटार, आत सुकाणू धरून बोडका नवरदेव! मुहूर्त तेवढा गाठला. सासऱ्यांनी स्वतःचा फेटा काढून माझ्या डोक्यावर ठेवला. त्या माणसाला मी जन्मभर मानलं.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला त्यांनी मोटारीकडे पाहिलंसुद्धा नाही. आपली बैलगाडी सजवली. मीही इरेस पेटून कासरा हातात घेतला. गाव मागे पडल्यावर शेजारून नवी नवरी पहिल्यांदाच बोलली. अगदी हळू, "तुमले गाडा तरी हाकता येस ना?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

पुढच्याच वळणावर आम्ही दोघं नाल्यात होतो.